वाचकांचे प्रश्न : रिटायर झाले की हे असे का वागतात?

गेल्या अंकात आपण विचारलं होतं, की खेळणं थांबवल्यावर कुठल्या खेळाडूबद्दल तुमचं मत बदललं, आणि का. नाशिकमधून भरपूर पत्रं आली. कोणी तीन-तीन पानं लिहिली, आणि एकाने तर फक्त एका कॉमेंटेटरचं नाव आणि पुढे पाच उद्गारचिन्हं, बास. त्यातली काही घेतोय.

गंगापूर रोडवरून एक निवृत्त शिक्षक : गावसकर खेळायचे तेव्हा किती शांत, संयमी वाटायचे. आता कॉमेंट्रीत सगळ्यांची शाळा घेतात. वयामुळे होतं का असं?

सर, शांत त्यांची बॅटिंग होती हो, ते कुठे शांत होते. 1981 सालची मेलबर्न टेस्ट आठवा, लिलीच्या बॉलवर पायचीत दिलं, यांचं म्हणणं बॅट लागली होती, आणि हे महाशय पार्टनर चेतन चौहानलाही बरोबर घेऊन बाहेर चालायला लागले. बाउंडरीपाशी टीम मॅनेजरने चौहानना अडवलं म्हणून मॅच राहिली, आणि तीच मॅच पुढे कपिलने पाच विकेट काढून जिंकून दिली, ऑस्ट्रेलिया 83 ऑल आउट. त्याआधी 1975 च्या वर्ल्ड कपात लॉर्ड्सवर वन डे असूनही पूर्ण 60 ओव्हर रेंगाळत नाबाद 36च, लोकं काय म्हणतील याची फिकीर असलेला माणूस असं खेळतो का? फरक एवढाच की तेव्हा रेडिओवर आपल्याला त्यांचा स्कोअर ऐकू यायचा, ते नाही. आता बोलायचेच पैसे मिळतात.

आणि क्लिपा कुठल्या फिरतात तेही बघा ना. डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नलाच ऋषभ पंत विचित्र शॉट मारून आउट झाला तेव्हा गावसकर तीनदा 'स्टुपिड' म्हणाले, ते घराघरात पोचलं. जून 2025 मध्ये लीड्सला पंतने सेंच्युरी मारली तेव्हा तेच गावसकर तीनदा 'सुपर्ब' म्हणाले, ते तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं होतं का?

सिडकोतून एक आई : कॉलेज रोडला एका शोरूमच्या उद्घाटनाला एक माजी क्रिकेटर आला होता. मुलगा बारावीत, तास दीड तास ऊन खात उभा. त्याने बघितलंसुद्धा नाही, सेल्फी तर लांबच. मुलाने घरी येऊन पोस्टर काढून टाकलं. एवढा माज?

ताई, मान वर करून हात हलवायला काही पैसे पडत नाहीत, तेवढं करायला हवंच होतं त्याने. पण असल्या उद्घाटनाचं गणित वेगळं असतं. वेळ आणि पैसे आधी ठरलेले, फीत कापायची, मालकाच्या सगळ्या नातेवाइकांबरोबर फोटो, माइकवर दोन वाक्यं, की लगेच गाडीत. कोणाला जवळ सोडायचं ते आयोजक आणि बाउन्सर ठरवतात, आणि शिव्या मात्र खेळाडू खातो. याच्या उलटंही असतं बरं का, चार सेकंद थांबून हसून सेल्फी दिला की तो लगेच 'किती डाउन टू अर्थ', घरी बायकोशी कसा वागतो कोणाला माहितीये. मुलाला विचारा, पोस्टर कशासाठी लावलं होतं? कव्हर ड्राइव्हसाठी ना? तो काही त्याने परत नेलेला नाही.

सातपूरहून एक तरुण : आमच्या कंपनीत दोघांनी ऑनलाइन गेममध्ये पगार घालवले. सचिनने असल्या गेमिंगची जाहिरात केली याचा राग येतो, पण घरी बोललो की बाबा जेवणावरून उठतात. कोण बरोबर?

राग तुमचा बरोबर, आणि तो बोलून दाखवायला घाबरू पण नका. दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द वडिलांना दिला होता, हे सचिननेच जाहीरपणे सांगितलंय आणि तो पाळलाही. म्हणजे आपल्या चेहऱ्यामागे पोरं जातात हे त्याला पक्कं माहीत होतं, मग इथे प्रश्न विचारला तर त्यात गैर काय? ऑगस्ट 2023 मध्ये बच्चू कडूंनी त्याच्या वांद्र्याच्या घराबाहेर याच मुद्द्यावर आंदोलन केलं, आणि 2025 मध्ये तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानेच बंदी आली.

पण बाबांचंही समजून घ्या. सचिन 24 वर्षं खेळला आणि त्या काळात वादाचं जवळजवळ काहीच बोलला नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या मनासारखा सचिन घडवून घेतला, बाबांनी त्यांचा. मग 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर हातात नावांची यादी घेऊन एकेकाचे आभार मानत गेला, अख्खं घर टीव्हीपुढे रडलं, आणि तोच सचिन कायमचा पक्का झाला. राज्यसभेत 2012 ते 2018 हजेरी दहा टक्केसुद्धा नव्हती, यावर टीका झाली ती योग्यच होती, आणि पगार-भत्त्याचे सुमारे 90 लाख पंतप्रधान मदत निधीला दिले, धाराशिव जिल्ह्यातलं डोणजा गाव दत्तक घेतलं, हेही खरंच. दोन्ही एकाच माणसाने केलंय. बाबांना ताटावर नका डिवचू, चहाच्या वेळी काढा विषय.

कॉलेजमधली एक मुलगी : द्रविड खरंच इतका शांत आहे?

2014 च्या आयपीएलमध्ये राजस्थानचा मेंटॉर असताना मुंबईच्या आदित्य तरेने सिक्स मारून प्लेऑफचा घास काढून घेतला, तेव्हा द्रविडने टोपी काढून जमिनीवर आपटली होती. मग 2021 मध्ये जाहिरातीत तो इंदिरानगरचा गुंडा म्हणून गाडीतून ओरडला तर सगळ्यांना नवल. मला नाही वाटलं.

नाशिकरोडहून एक काका : कांबळीने स्वतःचं वाटोळं करून घेतलं, आणि सचिनने मित्राला वाऱ्यावर सोडलं. दोघांवरचाही जीव उडाला.

काका, हे सगळं त्या डिसेंबर 2024 च्या शिवाजी पार्कातल्या क्लिपवरूनच ना? दोघांचे कोच आचरेकर सर, त्यांच्या स्मारकाचा कार्यक्रम, कांबळी सचिनचा हात सोडत नाही, बास, तेवढ्यावर अख्ख्या महाराष्ट्राने दोघांच्या मैत्रीचा पंचनामा केला. कोणी कोणाला किती मदत केली ते त्या दोघांना माहीत, तुम्हाला मला नाही. 1988 मध्ये शाळेच्या मॅचमध्ये 664 ची पार्टनरशिप, त्यात कांबळीचे 349 आणि सचिनचे 326. पुढे 17 टेस्टमध्ये 54 ची सरासरी. असा माणूस 2022 मध्ये उघडपणे सांगतो की घर क्रिकेट बोर्डाच्या महिना 30 हजार पेन्शनवर चालतं, तेव्हा सवयींचा हिशोब मांडणारे ढिगाने येतात. 2025 मध्ये त्याला दर महिन्याला आणखी 30 हजार द्यायचं ठरवलं ते गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने. हो, तेच वरच्या पत्रातले शाळा घेणारे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातून एक वाचक : सगळे क्रिकेटरच का? आमच्या कविता राऊतबद्दल कोणी लिहिलं नाही?

एकानेही नाही. सावरपाड्याची पोरगी, 2010 मध्ये दिल्लीच्या कॉमनवेल्थला 10 हजार मीटर धावण्यात ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर, 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार, आणि स्वभाव विचारला तर अर्धं नाशिक 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून गप्प बसेल. चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळचं तेच, रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये तेरावा आला, जकार्ताच्या एशियाडला टीमबरोबर गोल्ड आणलं. यांच्यावर कोणी चिडत नाही, कारण यांचं बोलणं आपण ऐकलंच किती? तुम्ही कविताताईंना गावाकडे सराव करताना बघितलं असेल, बोलणं झालं असेल तर सविस्तर लिहून पाठवा, पुढच्या अंकात आधी तेच पत्र घेतो, गावसकर थांबतील.