राणीच्या बागेत प्राण्यांशिवाय पाहण्यासारखं काय आहे?

झाडं! मुळात ही बाग झाडांसाठीच होती, प्राणी नंतर आले. कृषी-उद्यान संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती खुली झाली. आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

माझं सर्वांत लाडकं झाड म्हणजे उर्वशी. ते मूळचं म्यानमारचं. १८२७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच यांना ते तिथे एका मठाजवळ सापडलं. कोवळी पालवी तांबूस, लोंबती, जणू कोमेजलेली. आणि लाल-पिवळ्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली झुकलेले. थंडी सरताना मुद्दाम जा, बहर मिळाला तर पाय निघत नाही. कैलासपतीची फुलं थेट खोडावरच येतात, फळं तोफगोळ्यासारखी. शिवाय आफ्रिकेतली गोरखचिंच: तिचं फुगीर खोड पाणी साठवतं, आणि फुलं रात्री उमलतात.

पेंग्विनच्या रांगेत सगळा वेळ घालवू नका. सकाळी लवकर जा, मुलांना सोबत न्या, खोडांवरच्या पाट्या त्यांना वाचू द्या. बाहेर पडताना शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बघा.