आवाजघर: पेटीचं माप, वॉटचे आकडे आणि बाबांचे जुने स्पीकर

प्रश्न (चिपळूण): काका, मी डिप्लोमाला आहे. जुन्या म्युझिक सिस्टिमचे ८ इंची दोन वूफर (बेसचे स्पीकर) घरी पडून आहेत, ओळखीच्या सुताराकडून पेट्या करून घेणार आहे. मित्राने २ फूट बाय १ फूट बाय १ फूट केल्यात, भारी वाजतात. तेच माप देऊ का? आणि एमडीएफ की प्लायवूड?

उत्तर: तेच माप देऊ नकोस रे. मित्राची पेटी मित्राच्या वूफरला बसली, तुझा वूफर वेगळा. बंद पेटीतली हवा ही कोनच्या, म्हणजे वूफरच्या आत-बाहेर हलणाऱ्या पडद्याच्या, मागची स्प्रिंग असते, पेटी लहान केली की स्प्रिंग कडक, मोठी केली की सैल, आणि ती किती कडक हवी हे वूफरच्या अंगच्या गुणांवर ठरतं, त्याच्या इंचांवर नाही. ८ इंची दोन वूफर दिसायला जुळे असले तरी एकाला १५ लिटर पुरतात आणि दुसरा ५० लिटरमध्येही गुदमरतो.

हे गुण मोजून आकड्यांत मांडायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन इंजिनिअरांमुळे रूढ झाली, थील यांचा मूळ पेपर १९६१चा आहे. तुला तीन आकडे लागतील. एफएस म्हणजे वूफर मोकळ्या हवेत कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो, क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर आवरतं, आणि व्हीएएस म्हणजे किती लिटर हवा त्याच्या सस्पेन्शनइतकी, म्हणजे कोनला धरून ठेवणाऱ्या लवचिक भागांइतकी, ताठ आहे. नवा वूफर घेतलास तर हे कागदावर छापून येतं, जुन्याचं घरी मोजावं लागेल आणि ते अवघड नाही, डिप्लोमाच्या लॅबमध्ये यापेक्षा किचकट काम करतोस तू. वूफर मोकळा उभा धर, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि वूफरच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाक, मोबाईलच्या टोन जनरेटरने २० हर्ट्झपासून हळूहळू वर जा आणि वूफरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघत राहा (मीटरला २ व्होल्टची एसी रेंज हवी). जिथे व्होल्टेज सगळ्यात वर जातं ती तुझी एफएस. मग कोनवर मधोमध पोरांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटव, आधी सोनाराच्या काट्यावर त्याचं नेमकं वजन करून घे, आणि पुन्हा मोज. फ्रिक्वेन्सी किती खाली आली त्यावरून कोनचं वजन आणि पुढे व्हीएएस निघतं, क्यूटीएससकट सगळी सूत्रं फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतात.

आता हिशेब बघ. मित्राची पेटी बाहेरून २ घनफूट म्हणजे ५६ लिटरच्या वर वाटते, पण १८ मिमीच्या फळ्या वजा केल्या की आत साधारण ४१ लिटरच उरतात, इथेच बरेच जण फसतात. समज व्हीएएस ४० लिटर आहे. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भाग, १ मिळव, वर्गमूळ काढ आणि क्यूटीएसने गुण, की पेटीत बसल्यावर वूफरचं डोलणं किती आवरतं तो आकडा मिळतो. क्यूटीएस ०.४५ असेल तर उत्तर ०.६३ येतं, म्हणजे बेस आटोपशीर, कोरडा. तोच वूफर २७ लिटरमध्ये घातला तर ०.७ येतं आणि बंद पेटीसाठी मला हेच आवडतं. पण क्यूटीएस ०.७ असेल तर त्याच ४१ लिटरमध्ये आकडा १ च्या जवळ जातो आणि तबल्याचा डग्गा "घुम्म घुम्म" करत मागे रेंगाळतो. पेटी तीच, सुतार तोच. आणि पहिल्या पेटीला भोक असलेली, म्हणजे पोर्टची पेटी करू नकोस, माप थोडं चुकलं तर बंद पेटी माफ करते, पोर्टची करत नाही.

लाकडाचं म्हणशील तर पुण्यात असतास तर एमडीएफ चाललं असतं, एकसारखं असतं, कापायला सोपं. पण चिपळूणच्या पावसाळ्यात एमडीएफची खालची कड बिस्किटासारखी फुगते, हे मी दोन घरांत बघितलंय. १८ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय घे, आयएस ७१० शिक्का बघून. आत मधोमध एक आडवी पट्टी टाकून दोन्ही बाजू एकमेकींना बांध, सांधे आतून सिलिकॉनने भर. झाल्यावर बेस वाजवून सांध्यांजवळ उदबत्ती फिरव, धूर थरथरला तिथे गळती आहे. आत गादीचा कापूस भरू नकोस, तो दमट होऊन खाली बसतो, उशीतलं पॉलिस्टर बरं. आकडे मोजलेस की मला पाठव, पेटी आपण मिळून काढू, फळ्या मात्र त्याआधी कापू नकोस.

प्रश्न (नाशिक): दुकानात २००० वॉट लिहिलेला होम थिएटर बघितला, आणि तिथेच फक्त ५० वॉटचा स्टीरिओ अ‍ॅम्प त्याच्यापेक्षा महाग. आमचा हॉल १०x१२ फूट. कुठला घेऊ?

उत्तर: ५० वॉटचा. २००० हा आकडा बहुतेक पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतल्या क्षणिक कमाल ताकदीचा, असणार, त्याची कुठली ठरलेली व्याख्याच नाही, ज्याला जे छापावंसं वाटतं ते छापतो. तुम्ही आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॉट, विचारा आणि तो किती ओहमला, किती डिस्टॉर्शनवर (आवाजाच्या बिघाडावर) मोजलाय तेही विचारा, दुकानदार गडबडला तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा. आवाज ३ डीबीने (डेसिबलने) वाढवायला वॉट दुप्पट लागतात आणि ३ डीबी म्हणजे कानाला "जरा वाढला" एवढंच. त्यामुळे ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॉटला किती आवाज देतो त्या मापाच्या) स्पीकरऐवजी ८९ डीबीचा घेतला तर अ‍ॅम्प दुप्पट केल्यासारखं होतं, तेही फुकटात. तुमच्या हॉलमध्ये रोजचं नाट्यसंगीत ऐकताना सरासरी १-२ वॉटसुद्धा जात नाहीत, बाकीचे वॉट पखवाजाच्या थापेसारख्या क्षणांसाठी राखीव. पैसे स्पीकरला जास्त आणि अ‍ॅम्पला कमी द्या असं मी वीस वर्षं सांगतोय आणि अजूनही तेच सांगेन.

प्रश्न (पुणे): सबवूफर घेतला. सोफ्यावर बसलं की बेस अंगावर येतो, हॉलच्या मध्ये उभं राहिलं की गायब. बिघडलाय का? हॉल १२ फूट लांब, १० फूट रुंद.

उत्तर: सबवूफर ठणठणीत आहे, खोली बोलतेय. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून उभी राहते, १० फुटांत ५६ च्या आसपास. अशी लाट भिंतीशी सगळ्यात जोरात आणि बरोब्बर मध्यावर जवळपास शून्य, आणि आपल्याकडे सोफा भिंतीलाच टेकलेला असतो, जागाच तेवढी. सोफा फूट-दीड फूट पुढे आला तर बघा. येत नसेल तर सबवूफरच उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि खोलीभर खाली बसून कान लावत फिरा, जिथे बेस सगळ्यात एकसारखा वाटेल तिथे सबवूफर ठेवून द्या. घरचे विचारतील हे काय चाललंय, सांगा त्यांना, फरक त्यांनाही ऐकू येईल. पडदे आणि भिंतीवरच्या गोधडीने हा त्रास जाणार नाही, त्या वरच्या सुरांचा घुमारा कमी करतात, ४७ हर्ट्झला त्या दिसतही नाहीत.

प्रश्न (ठाणे): स्पीकरची वायर ५ मीटर लागते. दुकानदार महागडी ऑडिओ केबल घ्या म्हणतो.

उत्तर: नको. इलेक्ट्रिशियनकडची चांगली तांब्याची १.५ स्क्वेअर एमएम वायर घ्या. जाऊन-येऊन १० मीटरचा रेझिस्टन्स ०.१२ ओहमच्या आसपास, ८ ओहमच्या स्पीकरपुढे काहीच नाही.

प्रश्न (डोंबिवली): वडील गेले, त्यांचे जुने स्पीकर माळ्यावरून काढले तर कोनच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला. फेकायचं मन होत नाही.

उत्तर: फेकू नका ताई, अजिबात नको. आपल्या दमट हवेत फोमची कड न वाजवताही विरते, आत कोन, कॉइल, मॅग्नेट सगळं शाबूत असू शकतं. मल्टिमीटरने टर्मिनल मोजा, ८ ओहमच्या स्पीकरला ६ च्या आसपास दाखवायला हवं. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ, हलके आत दाबा, खरखर लागली नाही तर कॉइल चांगली आहे आणि नुसती कड बदलून काम होईल.

इथे एक कळकळीने सांगतो. माझे असेच घरचे स्पीकर मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिले, त्याने कड बदलायच्याऐवजी कोन, कॉइल सगळंच त्याच्याकडचं बसवून दिलं. वाजायला लागले, पण ज्या आवाजात लहानपणापासून सकाळची भक्तिगीतं ऐकली तो आवाज त्यात राहिला नाही आणि जुना कोन तोवर कचऱ्यात गेला होता. म्हणून देताना स्पष्ट सांगा की "फक्त कड बदला, कोन माझाच पाहिजे", कागदावर लिहून घ्या आणि आधी फोटो काढून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत विचारलं तर हे काम करणारे सापडतात. फोमपेक्षा रबराची कड जास्त टिकते, पण ती जड नि ताठ असली तर वूफरचे आकडे बदलतात, मूळ फोमची होती तर पुन्हा फोमचीच बसवा.

स्वतः करायचं असेल तर जुना गोंद नीट खरवडून काढा, सुकल्यावर लवचिक राहणारा गोंद वापरा, फेविक्विक नको. गोंद ओला असताना अगदी हळू आवाजात ३० हर्ट्झचा टोन वाजवत ठेवला की कोन मध्यावर राहतो. एक अख्खा दिवस सुकू द्या. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही स्पीकरचे कोन बाहेरच यायला हवेत, एक आत गेला तर त्याच्या वायरी उलट जोडा.