सेमिनरीत शिकल्याने पाळकाचा विश्वास थंड होतो का?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या एका लहानशा चर्चची मंडळी सांभाळता, दोन वर्षांचा बायबल कोर्स झालाय आणि पुढे शिकायची ओढ आहे. पण मंडळीतले वडीलधारे म्हणतात, सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात गेलेला माणूस थंड होऊन परततो. शिकलेले मित्र म्हणतात, इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल हाच अंतिम अधिकार मानणाऱ्या आपल्यासारख्या लोकांची विद्वत्ता म्हणजे आधी उत्तर ठरवायचं आणि मग पुरावे गोळा करायचे. त्यात तुमचं इंग्रजी यथातथा. मी बरीच वर्षं पाळकांना जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जरूर शिका. पवित्र शास्त्र देवाचं वचन आहे असं मानणाऱ्याने तर त्याचा अभ्यास इतर कुणाहीपेक्षा कसोशीने करायला हवा. त्याने नेमका काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

जुन्या करारातल्या '1 राजे' या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातली नाबोथाची गोष्ट घ्या. इस्राएलचा राजा अहाब याला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, नाबोथ तो देत नाही, आणि राणी ईजबेल खोटा आरोप करून त्याला ठार करवते. आपल्याकडे यावर संदेश होतो तो बहुतेक वेळा ईजबेलीवर: दुष्ट बायको, तिच्या नादी लागलेला नवरा, आमेन. पण अहाबाने नाबोथापुढे काय ठेवलं ते पुन्हा वाचा. तुझ्या मळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला द्राक्षमळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. व्यवहार म्हणून यात वावगं काहीच दिसत नाही. मग नाबोथ परमेश्वराचं नाव घेऊन एवढा ठाम नकार का देतो? याचं उत्तर 'लेवीय' या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे आणि इस्राएल लोक तिच्यावर उपरे म्हणून राहतात. 'गणना' या पुस्तकाचा 36 वा अध्याय म्हणतो, वाडवडिलांचं वतन एका वंशातून दुसऱ्या वंशात जाऊ नये. नाबोथ नियमशास्त्र पाळतोय आणि खुद्द राजा त्याला ते मोडायला सांगतोय. ईजबेल सीदोन या शेजारच्या परक्या राज्याच्या राजाची मुलगी. साधा शेतकरी राजाला 'नाही' म्हणू शकतो हेच तिला मान्य नाही. तरीही ती त्याला सरळ मारून टाकत नाही. उपास जाहीर करते, वडील मंडळींना पत्रं पाठवते, दोन साक्षीदार उभे करते, कारण 'अनुवाद' या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायाप्रमाणे देहदंडासाठी निदान दोन साक्षी लागतात. सगळी कायदेशीर पूर्तता करून केलेला हा खून आहे. आणि एलीया संदेष्टा जाब विचारायला जातो तो अहाबाकडे.

तुमच्या मंडळीत सातबाऱ्यावरून कोर्टात गेलेले भाऊ असतील, दबावाखाली जमीन विकलेलं एखादं घर असेल. त्यांच्यासमोर हा अध्याय असा उघडून पाहा. विश्वास थंड होण्याचा प्रश्नच येत नाही, उलट बोलणाऱ्याचाच थरकाप होतो.

हा अर्थ मला एकट्याला सुचलेला नाही. जुन्या करारातली जमीन, कुटुंब आणि अर्थव्यवहार यांवर ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्यापैकी एक ख्रिस्तोफर राइट. मूळचे उत्तर आयर्लंडचे, केंब्रिजचे पीएचडी, आणि 1983 ते 1988 अशी पाच वर्षं ते आपल्या पुण्यात, युनियन बिब्लिकल सेमिनरीत जुना करार शिकवत होते. ही सेमिनरी आधी यवतमाळला होती, 1983 मध्येच ती पुण्याला बिबवेवाडीत आली. पुढे राइट यांनी जॉन स्टॉट या इंग्लंडमधल्या इव्हँजेलिकल पाळक-लेखकाने सुरू केलेल्या लँगहॅम संस्थेची जबाबदारी घेतली. आशिया-आफ्रिकेतल्या शिक्षकांनी उच्च शिक्षण घेऊन आपल्याच देशात परतून शिकवावं, पाळकांच्या हाती चांगली पुस्तकं पडावीत, यासाठी ती संस्था झटते. स्टॉट यांनी स्वतःच्या पुस्तकांची रॉयल्टी या कामाला दिली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आता मित्रांचा आक्षेप. तो सरसकट खोटा नाही. मार्क नोल या इव्हँजेलिकल इतिहासकारानेच 1994 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून अमेरिकेतल्या आपल्या लोकांना सुनावलं होतं की तुम्ही बुद्धीची हेळसांड केली आहे. पण दुसरी बाजूही पाहा. एफ. एफ. ब्रूस हे मूळचे ग्रीकचे अध्यापक, ब्रदरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतले साधे सभासद, दीक्षित पाळकही नव्हते. 1959 पासून जवळजवळ वीस वर्षं ते मँचेस्टर विद्यापीठात बायबलच्या अभ्यासाचं मानाचं अध्यासन सांभाळत होते. जुन्या आणि नव्या कराराच्या विद्वानांच्या दोन मोठ्या परिषदांनी त्यांना अध्यक्ष केलं, आणि तिथे सगळेच काही त्यांच्या मताचे नव्हते. केंब्रिजचं टिंडेल हाउस हे बायबल-अभ्यासाचं ग्रंथालय 1940 च्या दशकात उभं राहिलं ते याच पिढीच्या धडपडीतून.

विद्वत्ता प्रामाणिक आहे की नाही हे मी एका गोष्टीवरून ओळखतो: अडचणीची जागा आली की लेखक काय करतो? मार्कच्या शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओव्या (म्हणजे वचनं) चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. चांगला इव्हँजेलिकल भाष्यकार हे लपवत नाही, पुरावा मांडतो, आणि येशूचं पुनरुत्थान या बारा ओव्यांवर अवलंबून नाही हेही दाखवतो. विश्वास डळमळतो तो हीच माहिती एखाद्या व्हिडिओत कुणी कुत्सितपणे सांगतो आणि पाळकाने ती आधी कधी ऐकलेलीच नसते तेव्हा. वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा. त्यांची भीती मात्र झटकून टाकू नका. शिकताना उपदेश, घरभेटी आणि प्रार्थना सुटल्या की माणूस खरंच कोरडा होतो, मी पाहिलंय. सुट्टीत गावी या, मंडळीत बसा.

प्रवेश घेण्याआधी पदवी कुणाच्या मान्यतेची आहे ते नक्की विचारा: सेरामपूरच्या सिनेटची की एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची? धर्मशिक्षणाला मान्यता देणाऱ्या या दोन वेगळ्या संस्था आहेत. पुढच्या शिक्षणाच्या वेळी हा फरक आड येऊ शकतो. मंडळी सोडून जाणं शक्य नसेल तर बंगळुरूच्या टाफ्टी या दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेचे अभ्यासक्रम काम सांभाळून करता येतात. बायबलच्या मूळ भाषा, ग्रीक आणि हिब्रू, पडताळायला टिंडेल हाउसमध्ये तयार झालेलं स्टेप बायबल हे साधन इंटरनेटवर फुकट आहे. एकच मोठा ग्रंथ घ्यायचा तर 2015 ची साउथ एशिया बायबल कमेंटरी हा भाष्यग्रंथ घ्या. ती आपल्याच भागातल्या लेखकांनी लिहिली आहे, म्हणून जात, मूर्ती, गरिबी हे विषय तिला परके नाहीत.

इंग्रजी लागेल, हे खरं. मराठीत बायबलवरचे दर्जेदार भाष्यग्रंथ फार थोडे आहेत आणि याची मला मनापासून खंत वाटते, कारण पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल मराठीत आणलं, ते पूर्ण होईतो 1922 साल उजाडलं होतं. शंभर वर्षांत आपण त्यांच्या फार पुढे गेलेलो नाही. तुम्ही जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकापासून सुरुवात करा, चारच अध्याय आहेत. त्यावरचं एक चांगलं इंग्रजी भाष्य शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचा, आणि प्रत्येक अध्याय झाला की काय कळलं ते स्वतःच्या मराठीत, मंडळीतल्या एखाद्या आजीला समजेल असं लिहून काढा. ती वही जपून ठेवा. इतर पाळकांनाही ती लागणार आहे.