लाकडाचे तुकडे जोडून कोल्ह्याचं चित्र करतोय (फोटो जोडलाय). तुकडे खाली भिडतात पण वर फटी राहतात, पुट्टी भरू का? छाती पांढऱ्या रंगाने रंगवायचाही विचार आहे.

पुट्टी अजिबात नको. इंटार्शियात, म्हणजे लाकडाचे तुकडे जोडून केलेल्या अशा उठावदार चित्रात, शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या उंचीचे आणि कडेला गोलवलेले असतात, त्यामुळे सांध्यात सावलीची रेघ पडतेच. त्या रेघेनेच चित्र उठून दिसतं. ती बुजवली तर सगळी मेहनत वाया. अर्ध्या मिलिमीटरची फट तर कडा गोलवल्यावर शोधूनही सापडत नाही.

पण तुमचे तुकडे खाली भिडतात आणि वर फाकतात, म्हणजे काप काटकोनात जात नाहीये. स्क्रोल सॉच्या (बारीक ब्लेडने वळणदार कापायच्या यंत्राच्या) टेबलावरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नका, ब्लेडला छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. आणखी एक खात्रीचा उपाय: जाड ठोकळ्यात थोडासा काप घ्या, ठोकळा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा आणि तोच काप ब्लेडवर सरकवून बघा. अलगद बसला तर टेबल ठीक आहे, अडकला तर तिरकं आहे. टेबल ठीक असूनही कड तिरकी येत असेल तर वळणावर तुम्ही लाकूड बाजूला रेटताय आणि ब्लेड वाकतंय. १९ मिमी जाडीच्या कठीण लाकडाला ५ नंबरचं ब्लेड बरं पडतं, पण ते बोथट व्हायला वेळ लागत नाही. जोर लावावासा वाटला की ब्लेड बदला, तिथे कंजूषी करू नका.

कापून झालेले तुकडे टाकून द्यायची गरज नाही. दोन तुकडे शक्य तितके भिडवून वरून टेपने घट्ट बांधा आणि सांध्यावरूनच ब्लेड चालवा. दोन्ही कडा एकाच वेळी तासल्या जातात आणि एकमेकींशी जुळतात. मात्र दर वेळी ब्लेडच्या जाडीइतकं लाकूड जातं, म्हणून चेहऱ्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा. उरलेला फरक कानाच्या टोकाला नाहीतर मानेच्या कडेला गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत मला फटींपेक्षा सपाटपणा जास्त खटकला. सगळे तुकडे एकाच उंचीचे आहेत आणि फक्त कडा घासल्यात, त्यामुळे कोल्हा फरशीच्या नक्षीसारखा दिसतोय. घासण्याआधी सगळ्यात मागे काय आणि सगळ्यात पुढे काय ते ठरवा. कानाची आतली बाजू १० मिमीपर्यंत उतरवा. गाल मध्यम ठेवा. नाकाडाखाली ६ मिमी प्लायचा तुकडा लावून ते वर उचला. घासायची सुरुवात सगळ्यात खालच्या तुकड्यापासून करा. तो झाला की जागेवर ठेवा आणि त्याच्या वरच्या कडेची रेघ शेजारच्या तुकड्याच्या बाजूवर पेन्सिलीने ओढा. शेजारचा तुकडा त्या रेघेच्या जरासा वरपर्यंतच उतरवायचा, रेघ पुसली जाता कामा नये. कपाळाचे दोन-तीन तुकडे मिळून एकच गोलाई असेल तर ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने एका प्लायवर बसवून एकदमच घासा. ८० नंबरच्या सँडपेपरने आकार काढा, मग १२०, शेवटी २२०.

छाती पांढऱ्या रंगाने रंगवायचा विचारही सोडा. तिथे मेपल लाकूड वापरा, ते मुळातच फिकं आहे. पाठीला लालसर पादौक लाकूड मोहात पाडतं, पण उजेडात ते हळूहळू तपकिरी होतं. शिवाय त्याचा लाल भुसा फिकट लाकडाच्या छिद्रांत बसला की निघता निघत नाही, म्हणून वापरलंच तर मेपलपासून लांब घासा. मास्क हवाच. मला विचाराल तर कोल्ह्याला साग पुरतो, पंजांना आणि कानांच्या टोकांना शिसव. रंगाइतकेच लाकडाचे रेषे महत्त्वाचे: केस ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने रेषे आले पाहिजेत. कापण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर बाण काढून ठेवा. गालाचे रेषे आडवे गेले तर घासून काहीही दुरुस्त होत नाही.

तेलाच्या फिनिशने मेपल पिवळं पडतं. छातीला पाण्यात मिसळणारं पारदर्शक पॉलियुरेथेन वॉर्निश लावा. तुकडे सुटे असतानाच फिनिश करा, पण तळाला थेंबही लागू देऊ नका, तिथे गोंद धरत नाही. तुकडे ज्यावर चिकटवायचे तो मागचा प्लाय चित्राच्या बाह्यरेषेपेक्षा २-३ मिमी आत कापा आणि त्याची कड काळी करा, म्हणजे बाजूनेही दिसत नाही. चिकटवताना लाकडाच्या गोंदासोबत सुपरग्लूचे दोन-तीन थेंब टाकले की गोंद सुकेपर्यंत तुकडा सरकत नाही. भिंतीवर टांगायचा हुक मात्र आधी लावू नका. नाकाड एका बाजूला असल्याने तोल मधोमध येणार नाही. सगळं सुकल्यावर कोल्हा दोन बोटांच्या चिमटीत वरून धरून बघा, सरळ लोंबला की तिथेच खूण करा.