हृदयपेशींतील कॅल्शियमचा साठा

प्रश्न : रक्ततपासणीत कॅल्शियम किंचित कमी आढळल्याने मला गोळ्या सुरू झाल्या आहेत. हृदयाच्या आकुंचनालाही कॅल्शियम लागते, असे वाचनात आले. हृदयाच्या पेशी ते कोठे साठवतात आणि गोळ्यांमुळे हृदयाचा जोर वाढतो काय?

उत्तर : बाहेरच्या कॅल्शियमवाचून हृदय चालत नाही, हे ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले. बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात धडधडत राहिले, ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात मात्र मंदावले. फरक नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा होता. (रुग्णालयातील ‘रिंगर लॅक्टेट’ सलाइनला नाव त्यांचेच आहे.)

परंतु बाहेरून पेशीत शिरणारे कॅल्शियम अल्प असते. मुख्य साठा सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या स्नायुतंतूंभोवतीच्या पटलांच्या जाळ्यात असतो आणि तेथे त्याचा बराचसा भाग कॅल्सीक्वेस्ट्रिन या प्रथिनाला सैलसर चिकटलेला असल्याने तो चटकन सुटा होऊ शकतो. विद्युत्संदेश येताच आत शिरलेले थोडेसे कॅल्शियम या जाळ्यावरील रायनोडिन ग्राही नावाची प्रथिनांची दारे उघडते, आतला साठा पेशीद्रवात उतरतो आणि स्नायुतंतू आकुंचन पावतात.

आकुंचनाचे कौतुक पुष्कळ होते. मला विचाराल तर खरे कसब त्यानंतरच्या आवराआवरीत आहे. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात आणि तेवढ्यात सुटलेले कॅल्शियम हटवून पेशीद्रवातील त्याचे प्रमाण बाहेरच्या सुमारे दहा हजारांश इतके खाली आणावे लागते. त्यातील बहुतांश ‘सर्का’ हा पंप पुन्हा साठ्यात ओढतो आणि दर दोन कॅल्शियम आयनांमागे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्च करतो, म्हणजे हृदयाला सैल पडण्यासाठीही ऊर्जा लागते; उरलेले सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जाते. फॉस्फोलँबन हे प्रथिन या पंपाचा वेग रोखून धरते. जिना चढताना अॅड्रिनॅलिनमुळे हा अडसर दूर होतो, म्हणून जलद ठोक्यांतही हृदयाला रक्ताने भरण्यास सवड मिळते. हार्ट फेल्युअरमध्ये बहुधा हाच पंप मंदावतो. मग हृदय नीट सैल पडत नाही आणि साठा अपुरा राहिल्याने पुढचा ठोकाही क्षीण होतो.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. रक्तातील कॅल्शियम फार घटले, तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ती कमतरता भरून काढणे योग्यच आहे. परंतु पातळी सामान्य झाल्यावर जादा गोळ्यांनी हा साठा वाढत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आपण वाढवू नये. विशेषतः डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध चालू असल्यास त्यांना तसे अवश्य सांगावे, कारण ते औषध पेशीतील सोडियम वाढवून कॅल्शियमची बाहेर जाण्याची वाटच अरुंद करते.