मूक (MOOC, म्हणजे कुणालाही खुल्या असलेल्या मोठ्या ऑनलाइन) कोर्सला हजारो लोक नाव नोंदवतात, मग पूर्ण करणारे इतके कमी का?

कारण नाव नोंदवायला काहीच लागत नाही, ना पैसे ना प्रवेश परीक्षा, त्यामुळे नोंदणी केलेला प्रत्येक जण शिकायलाच आलाय असं नसतं, बरेच जण नुसते डोकावून जातात. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकन विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा २०१२ ते २०१८ चा डेटा २०१९ मध्ये 'सायन्स' जर्नलमध्ये आला होता, त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी नाव नोंदवून पुढे कोर्स एकदाही उघडलाच नव्हता (!) आणि २०१७-१८ मध्ये सगळे धरून पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के. पण त्याच वर्षी ज्यांनी व्हेरिफाइड (ओळख तपासून मिळणाऱ्या) सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यातले ४६ टक्के शेवटपर्यंत गेले. आता यावरून पैसे भरले की आपोआप अभ्यास होतो असं समजू नका, पैसे भरणारे मुळातच जास्त सिरियस असतात. आणि हो, एखाद्याला फक्त दोन लेक्चर्स हवी होती, ती बघून तो गेला, तर तोही आकड्यात 'अपूर्ण' म्हणूनच धरला जातो, म्हणून नुसत्या टक्क्यांवरून कोर्स टाकाऊ ठरवण्यात अर्थ नाही.