गहू आत्ताच बंद करू नका, आधी बायोप्सीची जाण असलेला डॉक्टर शोधा

लेकीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर खाजरं पुरळ आहे, एक्झिमाचं क्रीम लावूनही फरक नाही, गहू बंद करून बघू का आणि कोणाकडे जाऊ, असं तुम्ही विचारलंय. गहू तपासण्या होईपर्यंत अजिबात बंद करू नका. मी माझ्या मुलाचा बंद केला होता. पुरळ जरा कमी झालं, पण गहू बंद असल्याने रक्ताची तपासणी फसून निगेटिव्ह आली आणि त्याला पुन्हा गहू सुरू करून सगळं नव्याने करावं लागलं.

वर्णनावरून डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसची (गव्हातल्या ग्लुटेन प्रथिनामुळे उठणाऱ्या खाजऱ्या फोडांच्या त्वचारोगाची) शंका घ्यायला हवी. मुलांमध्ये तो कमी दिसतो, म्हणून एक्झिमा किंवा खरूज समजून औषधं चालू राहतात. नक्की काय ते बायोप्सीच (त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) सांगेल, आणि नेमकी तीच चुकते. आमच्याकडे पहिल्यांदा फोडाचाच तुकडा काढून फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) टाकला. निष्कर्ष काहीच नाही. लेकराला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली, ते अजून सलतं. या आजारात फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेत आयजीए नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) शोधतात. त्याला इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंड दाखवणारी) तपासणी लागते आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये चालत नाही.

म्हणून बालत्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतानाच विचारा: 'बायोप्सी कुठून घेता, इम्युनोफ्लुरोसन्सची सोय आहे का?' पाटीवरच्या पदव्यांपेक्षा या उत्तरावरून जास्त कळतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात ही सोय असण्याची शक्यता जास्त.

सोबत मुलांचे पोटविकारतज्ज्ञही हवेत, पोट अजिबात दुखत नसलं तरी. हे पुरळ म्हणजे सिलिॲकच (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), फक्त त्वचेवर उमटलेला. रक्तात टीटीजी-आयजीएबरोबर (सिलिॲकची नेहमीची प्रतिपिंड तपासणी) एकूण आयजीए बघायला सांगा. ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते. त्वचेची बायोप्सी स्पष्ट पॉझिटिव्ह आली तर आतड्याची बहुतेकदा लागत नाही. निदान झाल्यावर आईवडील आणि भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्या.

डॅप्सोन हे औषध दिलं तर खाज काही दिवसांत थांबते, पण त्याआधी जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) तपासलंच पाहिजे, नाहीतर रक्तपेशी फुटू शकतात. गहू, बार्ली, राय बंद केल्यावर पुरळ जायला मात्र कित्येक महिने लागतात. तेवढा धीर धरा, पथ्य सोडू नका.

अजून एक. फोड खाजवून फुटतात आणि दवाखान्यात नुसते ओरखडे दिसतात. आज रात्रीच ताज्या फोडांचे फोटो काढून ठेवा.